तलवारबाजीतलं पदक आधी ओळखता येतं का?

सोलापुरात संख्याशास्त्र शिकणाऱ्या आणि शाळेत असताना आमच्याकडे सेबर (तलवारबाजीतल्या तीन हत्यारांपैकी एक) खेळलेल्या एका मुलाने विचारलंय: "सर, जागतिक स्पर्धेआधी मी प्रत्येक प्रकारात क्रमवारीतले पहिले चार जण लिहून ठेवतो. त्यातला एखादाच पदकापर्यंत पोचतो, कधी तोही नाही. क्रमवारी कुचकामी आहे, की या खेळात आधी काही सांगताच येत नाही?"

दोन्ही नाही. क्रमवारी कामाची आहे आणि अंदाजही बांधता येतो, पण तू तो ज्या रूपात लिहितोस ते रूप बदलावं लागेल. चार नावं लिहिलीस म्हणजे त्या चौघांना तू शंभर टक्के दिलेस आणि बाकीच्या साठ जणांना शून्य. इथे शंभर टक्के कुणाचेच नसतात.

जागतिक स्पर्धेत आणि वर्ल्ड कपला उपांत्य फेरीत हरलेल्या दोघांनाही कांस्य मिळतं. म्हणजे ६४ जणांच्या बाद फेरीच्या तक्त्यात पदकासाठी सलग चार लढती जिंकायच्या. समज, तुझा खेळाडू इतका जबरदस्त आहे की समोर कुणीही आला तरी त्याची जिंकण्याची शक्यता ८० टक्के. चारही लढती जिंकण्याची शक्यता होते ०.८ चा चौथा घात, म्हणजे सुमारे ४१ टक्के. जगातल्या इतक्या भारी माणसाचीसुद्धा पदक घेऊन येण्यापेक्षा न घेता येण्याची शक्यता जास्त. प्रत्येक लढतीत ७५ टक्के धरले तर पदक ३२ टक्क्यांवर येतं. सुवर्णासाठी सहा लढती लागतात. ८० टक्केवाल्याला ते २६ टक्के वेळा मिळेल. तुझ्या यादीतल्या चौघांची पदकाची शक्यता प्रत्येकी ३० टक्के धरली, तर सरासरी एकच नाव बरोबर यायला हवं. तुझी यादी जितकी चुकते, तितकी ती चुकायलाच हवी.

म्हणून पहिला बदल हा कर: तक्त्यातल्या प्रत्येक नावापुढे पदकाची शक्यता लिही. सगळ्यांची बेरीज चार यायला हवी, कारण पदकं चार.

आता ही शक्यता येते कुठून? मुळाशी आहे एक टच, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला हत्यार लागून मिळणारा एक गुण. आपल्या जिल्ह्यात कुस्ती सगळ्यांना कळते: एकदा पाठ टेकली की कुस्ती संपली, आधीचे गुण कितीही असोत. तलवारबाजीत तसं नाही. इथे छोटे छोटे टच जमत जातात, आणि जितके जास्त टच खेळले जातील तितका चांगल्या खेळाडूचा चांगलेपणा वर येतो. दोघांमध्ये फरक इतकाच आहे की सरस खेळाडू १०० पैकी ५५ टच घेतो, असं धर. पूलमधली, म्हणजे सुरुवातीच्या गटातली, बाउट (लढत) ५ टचची असते. ती तो सुमारे ६२ टक्के वेळा जिंकेल. एलिमिनेशनची, म्हणजे बाद फेरीची, १५ टचची लढत ७१ टक्के वेळा. हाच फरक सांघिक लढतीत ४५ टचपर्यंत टिकला, तर ८३ टक्के. एका टचमागे ५५ ऐवजी ६० टक्के धरलेस तर १५ टचची लढत ८६ टक्क्यांवर जाते. एका टचमध्ये पाच टक्क्यांचा फरक, तर लढतीत पंधराचा. तू संख्याशास्त्राचा विद्यार्थी आहेस, द्विपद वितरण मांडून हे स्वतः काढून बघ. १५ टचसाठी २९ चाचण्यांत किमान १५ यश, इतकंच ते गणित आहे.

जिल्हा निवड चाचणीत बार्शी, पंढरपूर, अक्कलकोटहून मुलं येतात तेव्हा हे दर वेळी डोळ्यांसमोर घडतं. पूलमध्ये नवखा मुलगा चांगल्या मुलाला ५-३ ने काढतो आणि पालक म्हणतात, याला निवडा. दुपारी तीच जोडी १५ टचवर आली की निकाल बहुतेकदा उलटा लागतो. पालकांना हे समजावून सांगणं हा प्रशिक्षकाच्या कामाचा मोठा भाग आहे, कारण सकाळचा निकालही खोटा नसतो. तो फक्त थोड्या टचवर आधारलेला असतो.

यापुढे ईपी, फॉइल आणि सेबर ही तीन हत्यारं वेगळी करायलाच हवीत. तुझ्या याद्यांत ती एकाच मापाने मोजलेली आहेत आणि मला वाटतं तुझी मोठी गफलत तिथेच आहे.

ईपीमध्ये सगळं शरीर लक्ष्य असतं, बोटापासून बुटापर्यंत, आणि हल्ल्याचा हक्क कुणाचा, म्हणजे हल्ला आधी कुणी सुरू केला, हा प्रश्नच नाही. जो आधी लागला त्याचा टच. दोघे सेकंदाच्या साधारण पंचविसाव्या भागाच्या आत लागले तर दोन्ही दिवे लागतात आणि दोघांनाही गुण. याचा परिणाम खोल आहे. आघाडीवर असलेला खेळाडू दुहेरी टच घेत घेत आघाडी टिकवू शकतो. कमी ताकदीचा खेळाडू सुरुवातीला दोन टचने पुढे गेला आणि मग शांत राहिला, तर बलाढ्य खेळाडूला त्याच्या अंगावर जावं लागतं, आणि अंगावर जाणाऱ्याचा हात उघडा पडतो. शिवाय वेळ संपून लढत थांबते, म्हणजे १५ पर्यंत टच होतच नाहीत. मघाचं गणित आठव: टच कमी, तर नशीब जास्त. पॅरिस २०२४ मध्ये महिला ईपीच्या अंतिम लढतीत हाँगकाँगची विवियन काँग फ्रान्सच्या ओरिआन मालो-ब्रेतोंवर १३-१२ ने जिंकली. सांघिक अंतिम लढती तर ४५ टचच्या. त्यातल्या महिला ईपीत इटलीने फ्रान्सला ३०-२९ ने हरवलं आणि पुरुष ईपीत हंगेरीने जपानला २६-२५ ने. त्याच ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या फॉइलची सांघिक अंतिम लढत जपानने इटलीविरुद्ध ४५-३६ अशी पूर्ण ४५ पर्यंत नेऊन जिंकली. हे आकडे शेजारी शेजारी ठेवले की ईपीतले अंदाज मवाळ का लिहायचे ते कळतं. ईपीत मी कुणालाही, अगदी कुणालाही, पदकासाठी ३५ टक्क्यांच्या वर सहसा नेत नाही.

फॉइल आणि सेबरमध्ये हल्ल्याचा हक्क असतो. दोन्ही दिवे लागले तरी गुण फार तर एकालाच, आणि तो कुणाला हे रेफ्री ठरवतो. इथे दुहेरी टचच्या आड लपता येत नाही, म्हणून ताकदीतला फरक जास्त स्वच्छ दिसतो. फॉइलमध्ये लक्ष्य फक्त धड. तंत्र, अंतर आणि हाताची सफाई वर्षानुवर्षं टिकते. लंडन २०१२ मध्ये महिला फॉइलची तिन्ही वैयक्तिक पदकं इटलीला मिळाली: दि फ्रांचिस्का, एरिगो आणि वेझाली. त्यातल्या वेझालीने त्याआधीची तीन ऑलिंपिक सुवर्णं सलग जिंकलेली होती. चुंग का-लाँगने पुरुष फॉइल टोकियोत जिंकलं आणि पॅरिसलाही, दुसऱ्यांदा इटलीच्या फिलिप्पो माक्कीवर १५-१४ ने. ली कीफरने महिला फॉइलमध्ये तेच केलं, पॅरिसची अंतिम लढत १५-६. एकाच प्रकारात दोन्ही वैयक्तिक विजेते कायम राहिले.

सेबर तुझं स्वतःचं हत्यार, म्हणून तिथे जरा थांबतो. सेबरमध्ये टच सेकंदा-दोन सेकंदांत संपतो, घड्याळ क्वचितच आड येतं, आणि १५ टच बहुतेक वेळा पूर्ण खेळले जातात. हे अंदाजाला पोषक. पण सगळी मदार 'तयार... सुरू' नंतरच्या पहिल्या दोन पावलांवर असते. त्या दिवशी पाय जागेवर नसले, किंवा रेफ्रीचं एकाच वेळी झालेल्या हल्ल्यांबद्दलचं मत तुझ्या खेळाडूच्या सवयीशी जुळलं नाही, तर पाच-सहा टच हातोहात जातात. आरोन सिलाग्यी हे पुरुष सेबरमधलं सर्वात मोठं नाव: २०१२, २०१६ आणि टोकियो अशी सलग तीन वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्णं, शिवाय २०२२ चं जागतिक विजेतेपद. पॅरिसला पहिल्याच लढतीत कॅनडाच्या फारेस अरफाने त्याला १५-८ ने बाहेर काढलं. आणि काही दिवसांतच त्याच सिलाग्यीच्या हंगेरीने सांघिक रौप्य घेतलं. अंतिम फेरीत कोरियाकडून ४५-४१ अशी हार. त्या कोरियाने पुरुष सेबरचं सांघिक सुवर्ण २०१२, टोकियो आणि पॅरिस असं तिन्ही वेळा जिंकलं आहे. रिओला ती स्पर्धा नव्हती, म्हणून सलगच म्हणायला हरकत नाही. १५ टच आणि ४५ टच यांतला फरक यापेक्षा स्पष्ट मी दाखवू शकत नाही. तुला अंदाजाचा आत्मविश्वास हवा असेल तर सांघिक फॉइल आणि सांघिक सेबरपासून सुरुवात कर.

आता क्रमवारी. आंतरराष्ट्रीय महासंघाची क्रमवारी मागच्या बारा महिन्यांवर चालते. वर्ल्ड कप जिंकला तर ३२ गुण, उपविजेत्याला २६, उपांत्य फेरीतल्यांना २०, उपांत्यपूर्व फेरीतल्यांना १४, शेवटच्या सोळांत ८. ग्रां प्रीला हे गुण दीडपट, जागतिक स्पर्धेला अडीचपट. यातले दोन दोष लक्षात घे. जागतिक स्पर्धेतला एक चांगला दिवस ८० गुण देतो, म्हणजे अडीच वर्ल्ड कप. एका दिवसावर माणूस वर्षभर वर राहतो. आणि गुण फेरीला मिळतात, प्रतिस्पर्ध्याला नाही. सोप्या बाजूने उपांत्य फेरी गाठलेला आणि दोन विश्वविजेत्यांना हरवून तिथे आलेला, दोघांना सारखेच गुण. दुखापतीतून परतलेले आणि ज्युनिअरमधून नुकतेच वर आलेले खेळाडू क्रमवारीत खाली असतात, ताकदीत नसतात.

टोकियोच्या पुरुष ईपीचं उदाहरण यासाठी फार चांगलं आहे. फ्रान्सचा रोमँ कानोन जगात ४७ वा होता आणि तो सुवर्ण जिंकला, अंतिम फेरीत अव्वल क्रमांकाच्या गर्गेली शिक्लोशीला १५-१० ने हरवून. सगळीकडे त्याला चमत्कार म्हटलं गेलं. पुढच्याच वर्षी, २०२२ मध्ये, कैरोला तो विश्वविजेता झाला. चमत्कार लागोपाठ दोनदा होत नाहीत. ४७ हा आकडाच त्याची ताकद दाखवत नव्हता.

म्हणून क्रमवारीऐवजी एलो रेटिंग बनव, बुद्धिबळात चालतं तेच. प्रत्येक लढतीनंतर जिंकणाऱ्याचे गुण वाढतात, हरणाऱ्याचे कमी होतात, आणि किती ते समोर कोण होतं यावर ठरतं. दोघांत १०० गुणांचा फरक असेल तर वरचा ६४ टक्के वेळा जिंकेल असं सूत्र सांगतं, २०० चा असेल तर ७६ टक्के. तलवारबाजीसाठी त्यात माझ्या मते चार दुरुस्त्या लागतात. पूलच्या बाउटना एलिमिनेशनपेक्षा बरंच कमी वजन दे, कारण वर सांगितलेलं. १५-१४ आणि १५-५ यांत फरक कर, पण जपून. मोठ्या फरकाने जिंकण्याला थोडंसंच जास्त. तिन्ही हत्यारांची रेटिंग पूर्ण वेगळी ठेव, आणि ईपीत फरकाचा परिणाम चपटा कर, म्हणजे तिथे २०० गुणांना ७६ ऐवजी सत्तरच्या आसपास येऊ दे. नेमका आकडा तुझ्या स्वतःच्या नोंदींवरून ठरव. आणि जो बराच काळ खेळलेला नाही त्याच्या रेटिंगवरचा विश्वास महिन्यागणिक कमी कर. रशिया आणि बेलारूसचे खेळाडू २०२२ पासून स्पर्धांबाहेर राहिले, पुढे त्यातले काही तटस्थ म्हणून परतले. त्यांचे जुने आकडे जसेच्या तसे वापरले तर सगळा तक्ता बिघडतो.

नोंदी भरताना निकाल नुसता नावावरून उचलू नकोस. २०२३ च्या मिलान जागतिक स्पर्धेत युक्रेनच्या ओल्गा खार्लानने तटस्थ म्हणून खेळणाऱ्या रशियाच्या आना स्मिर्नोवाला १५-७ ने हरवलं आणि हस्तांदोलन न केल्यामुळे तिला बाद केलं गेलं. कागदावर ती बाहेर, पण रेटिंगसाठी ती १५-७ ची विजेती. पॅरिसला तिने वैयक्तिक कांस्य आणि सांघिक सुवर्ण घेतलं. तुझ्या गणिताने तिला मिलानमध्ये हरलेली धरलं असतं, तर पॅरिसचा अंदाज तिथेच घसरला असता.

रेटिंगनंतर ड्रॉ. अंदाजाला खरा आकार ड्रॉ देतो आणि लोक तो सर्वात कमी वाचतात. वरचे १६ मानांकित थेट ६४ च्या तक्त्यात येतात, बाकीचे पूल आणि प्राथमिक फेरीतून. पूलमध्ये एखाद्या बलाढ्य खेळाडूचा दिवस वाईट गेला, की तो तक्त्यात खाली पडतो आणि पहिल्याच लढतीत मानांकित खेळाडूसमोर उभा राहतो. ते दोघांचंही नुकसान. जागतिक स्पर्धेत प्राथमिक फेऱ्या आधी होतात आणि मुख्य तक्ता नंतरच्या दिवशी खेळला जातो. मधला वेळ तुझा आहे. ड्रॉ निघण्याआधीचा अंदाज आणि ड्रॉ नंतरचा अंदाज, दोन्ही वेगवेगळे लिहून ठेव.

गणित कागदावरही होतं. चौघांचा एक कोपरा घे: अ विरुद्ध ब, क विरुद्ध ड. अ ची ब विरुद्ध शक्यता ०.७०. क ची ड विरुद्ध ०.६०. अ ची क विरुद्ध ०.५५ आणि ड विरुद्ध ०.६५. तर अ या कोपऱ्यातून बाहेर पडण्याची शक्यता ०.७० गुणिले (०.६० × ०.५५ + ०.४० × ०.६५), म्हणजे ०.७० × ०.५९, सुमारे ४१ टक्के. हेच पुढच्या फेरीला, आणि त्याच्या पुढच्या. एक्सेलमध्ये ६४ ओळींत बसतं. हजारो वेळा स्पर्धा खेळवून पाहणारा प्रोग्राम लिहायची गरज नाही, पण लिहिलास तर उत्तर तेच यायला हवं; न आलं तर कुठेतरी सूत्र चुकलंय.

ऑलिंपिकला हिशेब थोडा बदलतो. तिथे पूल नाहीत आणि कांस्यासाठी वेगळी लढत असते. जागतिक स्पर्धेत एका देशाचे प्रत्येक प्रकारात चार जण खेळतात, ऑलिंपिकला जास्तीत जास्त तीन. इटलीचा चौथा फॉइलवाला जगात कितीही वर असो, तो घरी असतो. त्यामुळे मैदान लहान आणि मधल्या फळीत विरळ, आणि एखाद्या खेळाडूला तिसऱ्या फेरीपर्यंत मोकळी वाट मिळू शकते.

आकड्यांनंतर माझ्या डोळ्यांचा भाग येतो, पण तो थोडाच. जोडीचा जुना इतिहास, डावखुऱ्याविरुद्ध कोण अडखळतं, मनगटाला पट्टी आहे का, प्रशिक्षक बदललाय का. या सगळ्यावरून मी एखाद्या लढतीची शक्यता पाच-सात टक्के हलवतो, त्याहून जास्त नाही. दोन खेळाडू तीनदा भिडले आणि तिन्ही वेळा एकच जिंकला, तर ते ऐकायला फार वाटतं. तीन लढतींत तसं सहज घडतं.

शेवटी आपल्या खेळाडूंबद्दल, कारण तुझ्या पुढच्या प्रश्नात तेच असणार. सी. ए. भवानी देवी टोकियोला ऑलिंपिक खेळणारी पहिली भारतीय तलवारबाज ठरली. पहिली लढत तिने ट्युनिशियाच्या नादिया बेन अझिझीविरुद्ध १५-३ ने जिंकली, दुसरीत फ्रान्सच्या मानों ब्रुनेने तिला १५-७ ने हरवलं. हीच ब्रुने पुढे पॅरिसची विजेती. जून २०२३ मध्ये वूशीच्या आशियाई तलवारबाजी अजिंक्यपद स्पर्धेत भवानीने उपांत्यपूर्व फेरीत विश्वविजेत्या मिसाकी एमुराला १५-१० ने हरवलं आणि उपांत्य फेरीत झैनाब दायिबेकोवाकडून १४-१५ अशी हरून कांस्य घेतलं. या स्पर्धेतलं भारताचं पहिलं पदक. एमुराविरुद्ध त्या दिवशी कुणी तिला २० टक्के दिले असते, तर तो अंदाज चांगलाच म्हणावा लागला असता. पाचातून एकदा घडणारी गोष्ट त्या दिवशी घडली. भारतीय नावापुढे प्रेमाने ४० लिहू नकोस आणि सवयीने २ लिहू नकोस. तिच्या रेटिंगचं जे सूत्र सांगेल तेच लिही. खेळाडूचा मान त्यातच आहे.

आणि अंदाज तपासायचा कसा? ब्रायर गुण वापर. तू ०.३० लिहिलंस आणि पदक आलं नाही, तर ०.३० चा वर्ग, ०.०९. आलं, तर ०.७० चा वर्ग, ०.४९. सगळ्या ६४ जणांची सरासरी काढ. जितकी कमी तितकं बरं. काहीही माहीत नसलेल्या माणसाने प्रत्येकाला चार भागिले चौसष्ट, म्हणजे ६.२५ टक्के दिले, तर त्याची सरासरी ०.०५८६ येते. ज्याने फक्त वरच्या १६ मानांकितांना २५-२५ टक्के दिले त्याची, चारही पदकं त्या सोळांत गेली तर, ०.०४६९, तीन सोळांत आणि एक बाहेर गेलं तर ०.०५४७. तुझं एलो, ड्रॉ आणि निरीक्षण मिळून या दुसऱ्या माणसाला एका स्पर्धेत नाही, तर पूर्ण हंगामात हरवतात का, ते बघायचं. हंगाम साधारण नोव्हेंबरपासून जुलैपर्यंत चालतो, आपल्या जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांतही कुठे ना कुठे वर्ल्ड कप किंवा ग्रां प्री असतेच. आधी एकच प्रकार घे, महिला सेबर घे, तो तुला कळतो. प्रत्येक अंदाजावर तारीख टाक, निकालानंतर एकही आकडा बदलू नकोस, आणि दोन महिन्यांनी तक्ता घेऊन सरावाच्या वेळी हॉलवर ये. ईपीचा चपटेपणा किती धरायचा ते आपण तेव्हा बसून ठरवू.